आटलेली विहीर आणि अमानत

आमच्या हिंगोली जिल्ह्यात बोअर आटला की कुणी त्यात पत्र्यावरचं पाणी मुरवतं, कुणी तोंडावर दगड ठेवून विसरून जातं. तेलविहिरींचंही तसंच आहे.

१९७४ साली मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्रात ‘सागर सम्राट’ रिगला तेल लागलं. अशी तेलक्षेत्रं म्हातारी झाली की काय करायचं? कॅनडातल्या वेबर्न इथं २००० पासून कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली सोडतात. उरलेलं तेल वर येतं, हवेत जाणारा बराच वायू खडकात राहतो. पण जुन्या विहिरीचा पाइप गंजला, सिमेंट तडकलं, तर तोच वायू बाहेर येईल.

जमिनीकडे अमानत ठेवायची, तर आधी झाकण पक्कं हवं. घेताना आपण हिशेब ठेवला नाही. परत करताना तरी ठेवू या.