मांजराची नखे आणि ओसरीचा खांब

सनावळ्या आणि लढाया शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या मास्तराने मांजराच्या नखांवर बोलावे, हे आपणांस चमत्कारिक वाटेल. परंतु राजवाड्यांस जसा इतिहास असतो, तसा तो ओसरीसही असतो. आणि त्या इतिहासातील एका अन्यायात माझाही वाटा आहे.

गाय, घोडा यांस माणसाने बांधले, शिकविले. मांजरास मात्र कोणी बोलाविले नाही. ते आपल्या पायांनी आले. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्याची कोठारे भरली, त्यांत उंदीर आले आणि उंदरांमागोमाग रानमांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले आढळले. तो शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. आपल्या देशातही मांजराची ओळख जुनी आहे. महाबलिपुरम् येथील सातव्या शतकातील प्रचंड शिल्पपटात एक ढोंगी तपस्वी मांजर मागच्या पायांवर उभे आहे, त्याचे पुढचे पंजे वर आहेत आणि पायांशी उंदीर आहेत. कारागिराने ती मुद्रा खांबाला नखे घासणाऱ्या मांजराकडूनच घेतली असावी, असे मला वाटल्यावाचून राहत नाही.

आता आपल्या शहराकडे वळू. १६१० साली मलिक अंबरने खडकी येथे नगर वसविले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. येथील हिमरूची कीर्ती दूरवर आहे. हिमरूत सूत आणि रेशीम एकत्र विणतात व नक्षीचे मोकळे धागे उलट बाजूस राहतात. त्यांत नख अडकले की वस्त्राची कळा गेलीच म्हणावयाची. तरीही वाड्यांतून हिमरू आणि मांजर सुखाने एकत्र नांदत. कारण साधे होते. वाड्यास लाकडी खांब असत, अंगणात झाड असे, कोठीत गोणपाटाची पोती असत. नखांची गरज तेथे भागे आणि वस्त्रे पेटीत सुरक्षित राहत.

आमच्याही घरी तसेच होते. मी चौदा वर्षांचा असताना आमच्या मनीने आईच्या हिमरू शालीचे धागे ओढून तिची पार दुर्दशा केली. वडिलांच्या आज्ञेवरून मी मनीला पोत्यात घातले, सायकलीवरून खाम नदीपलीकडे नेले आणि सोडून परतलो. ती पुन्हा दिसली नाही. पुष्कळ वर्षांनी जुने घर आवरताना ओसरीच्या खांबाभोवतीचा पत्रा मी काढला. आतले सागाचे लाकूड जमिनीपासून दोन फुटांवर नखांच्या रेघांनी भरून गेले होते. तो पत्रा आम्ही शालीच्या घटनेपूर्वी थोडेच दिवस वाळवीच्या भीतीने ठोकला होता. मनीचा खांब आम्हीच काढून घेतला आणि शिक्षा मात्र तिला दिली.

मांजर नखे घासते ते खोडसाळपणाने नव्हे. त्याच्या पुढच्या पंजांना पाच-पाच व मागच्यांना चार-चार, अशी अठरा नखे असतात. घासल्याने नखावरचे जुने टरफल गळते व खालचे तीक्ष्ण नख मोकळे होते. अंगाचे स्नायू ताणले जातात. शिवाय पंजातील ग्रंथींचा वास त्या जागी राहतो. ‘हे माझे घर’ अशी ती मांजराची सहीच होय.

मांजर घरात पुरते कोंडले गेले ते अलीकडे. १९४७ साली अमेरिकेत एडवर्ड लो याने मांजराच्या मलमूत्रासाठी ओल शोषणारी माती विकण्यास आरंभ केला. त्यानंतर मांजरास बाहेर सोडण्याचे कारण कमी झाले. मग खुर्च्यागाद्या वाचविण्यासाठी नखे कायमची काढण्याची शस्त्रक्रिया तिकडे रूढ झाली. तीत केवळ नख जात नाही, प्रत्येक बोटाचे शेवटचे हाड कापले जाते. न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली, वैद्यकीय गरज वगळता, तीवर बंदी घातली. आपल्याकडे १९६० च्या प्राणिक्रूरताप्रतिबंधक कायद्याने प्राण्याचे अंग छाटणे हा गुन्हा ठरतो; आणि उपासमार घडेल अशा स्थितीत त्यास विनाकारण सोडून देणे, हाही गुन्हाच. माझ्या त्या पोत्याकडे मी आता याच दृष्टीने पाहतो.

आज मी सिडकोतील सदनिकेत राहतो. तेथे खांब आहेत, पण सिमेंटचे आणि गुळगुळीत. गतवर्षी नातीच्या मांजराने नवा सोफा फाडला, तेव्हा घरात पुन्हा पोत्याची भाषा निघाली. मी एक दिवस मागून घेतला. तीन फूट उंचीचा लाकडी ओंडका जड पाटावर घट्ट बसविला, त्याला घायपाताचा दोर गुंडाळला आणि तो सोफ्याच्या फाटक्या कोपऱ्यालगतच ठेवला. खांब डळमळला तर मांजर त्याला पुन्हा शिवत नाही आणि आखूड असला तर त्यास अंग ताणता येत नाही, हे ध्यानी ठेवावे. सोफ्यावर काही दिवस गुळगुळीत जाड कापड घातले. झोपून उठताच मांजर आळस देते, म्हणून दुसरा खांब त्याच्या निजण्याच्या जागेजवळ ठेवला. त्याने खांबाला पंजे लावले की नात त्यास लगेच खाऊ देई. दर दोन-तीन आठवड्यांनी नखाचे टोक तेवढे कापावे. आतील गुलाबी भागास कात्री लागू देऊ नये. मारझोड तर मुळीच करू नये. तिने मांजर आपल्यास भिते आणि आपण नसताना पुन्हा तेच करते.

महिन्याभरात सोफा सुटला आणि मांजर घरात राहिले. खांबावर आता रेघा उमटू लागल्या आहेत. नात म्हणते, आजोबा, हा खांब घाण झाला, याला नवा दोर लावा. मी तिला सांगतो, अजून नको. तिने त्यावर सही केली आहे.