ऑपरेटिंग सिस्टिम : कार्यमापन व संसाधन-नियोजन

संगणकाचा प्रक्रियक, स्मृती, डिस्क इत्यादी मर्यादित साधने अनेक कामांत वाटून देणे, त्या वाटपाचा परिणाम मोजणे आणि मापनानुसार वाटपाचे नियम बदलणे, या कारभारास ही संज्ञा आहे. प्रक्रियकावर कोणत्या कामाची पाळी केव्हा व किती वेळ, हे ठरविणाऱ्या भागास शेड्युलर म्हणतात.

उद्दिष्टे : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली आलेल्या सीडीसी ३६०० या संगणकावर देशभरातील संशोधकांची कामे छिद्रित पत्त्यांच्या गठ्ठ्यांनी येत व पाळीपाळीने चालत, अशा व्यवस्थेत एकूण उरक महत्त्वाचा, आणि यंत्र रिकामे बसणे हा निव्वळ तोटा. याउलट चिकलठाण्यासारख्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात सीएनसी यंत्राच्या नियंत्रकास हत्याराचे स्थान ठरावीक कालांतराने तपासून मोटरला हुकूम द्यावा लागतो, आणि ती मुदत एकदा जरी हुकली, तरी सरासरी वेग कितीही उत्तम असताना जॉब बिघडू शकतो. ल्यू व लेलँड यांनी १९७३ मध्ये असे सिद्ध केले की, परस्परांवर अवलंबून नसलेल्या नियतकालिक कामांपैकी ज्याचे आवर्तन लहान त्यास अग्रक्रम वरचा दिल्यास, प्रक्रियकाचा एकूण वापर सुमारे ६९ टक्क्यांच्या आत असेपर्यंत कोणतीही मुदत चुकत नाही. तेव्हा येथे राखून ठेवलेली सवड ही उधळपट्टी नसून मुदतपालनाची हमी होय.

मापन : लिनक्समधील ‘लोड ॲव्हरेज’ हा आकडा १, ५ व १५ मिनिटांच्या मुदतींसाठी दिला जातो; परंतु त्यात प्रक्रियकाच्या प्रतीक्षेतील कामांबरोबर डिस्कसाठी खोळंबलेली कामेही मोजली जात असल्यामुळे, आकडा मोठा आणि प्रक्रियक मात्र मोकळा, असा प्रकार संभवतो. म्हणून व्हीएमस्टॅट, आयओस्टॅट यांसारख्या साधनांनी प्रत्येक संसाधनाचा वापर व त्यापुढील रांग निरनिराळी पाहावी लागते.

जुळवणी : स्मृती अपुरी पडून प्रणालीचा बहुतांश वेळ डिस्कशी पृष्ठांची ने-आण करण्यातच जातो, त्या अवस्थेस थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये तिची मीमांसा केली. अशा वेळी अग्रक्रम बदलण्याने फारसे साधत नाही. चालू कामे कमी करावी लागतात किंवा स्मृती वाढवावी लागते. लिनक्सने २००७ मध्ये न्याय्य वाटपावर आधारलेला सीएफएस शेड्युलर स्वीकारला, व २०२३ मध्ये त्याच्या जागी कामाची निकड अधिक चांगल्या रीतीने जाणणारी ईईव्हीडीएफ पद्धती आणण्यास प्रारंभ केला. शेड्युलर कोणताही असो, फेरफार एका वेळी एकच करून, त्याच भारावर पूर्वीचे व नंतरचे मापन ताडून पाहिल्याखेरीज सुधारणेचे श्रेय त्या फेरफारास देता येत नाही.