घरी वाचायला नवी मराठी कथा-कादंबरी

इंदूरमधल्या आपल्या घरांत मराठी कादंबरी म्हटली की अजूनही ‘ययाति’ नाहीतर ‘स्वामी’च पुढे येते. ती आम्हालाही प्रिय आहेत, पण मुलांच्या कानावर आजची मराठीही पडायला हवी. सुरुवात देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’पासून करावी. तयार कपड्यांमुळे हातचे काम जाणाऱ्या शिंप्याची ही छोटी कादंबरी. तिला २०२४ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला.

कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला (अकादमी पुरस्कार, २०२३) मात्र धीर लागतो. धरणाने उठवलेली माणसे, मागे राहून रानटी झालेल्या म्हशी आणि कोल्हापूरकडची बोली. आपली मराठी हिंदीच्या शेजारात वाढलेली, म्हणून सुरुवातीची पाने अडतात. मोठ्याने वाचा, कान सरावतो. आमच्या मते या सगळ्यांत मोलाचे पुस्तक हेच.

भविष्याची गोष्ट हवी असेल तर नंदा खरे यांची ‘उद्या’ घ्या. त्यात समाज सतत पाळतीखाली जगतो. भयकथांसाठी हृषीकेश गुप्ते यांचे ‘अंधारवारी’ आहे. लहान मुलांच्या हाती नको. घरात कॉलेजात जाणारे कोणी असेल, तर प्रणव सखदेव यांची ‘काळेकरडे स्ट्रोक्स’ आधी त्यांना द्या, मग आपण वाचा.