सिंधूनंतर प्रवरा

१९७४ साली आपल्या प्रवरेच्या डाव्या काठावर, दायमाबाद येथे, झाडाचे मूळ खणताना एका गावकऱ्याला चार जड मूर्ती सापडल्या. दोन बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, एक रेडा, एक हत्ती आणि एक गेंडा. चारही भरीव, ओतीव. मिळून वजन साठ किलोहून अधिक. 'दायमाबादच्या कांस्यमूर्ती' म्हणून त्या आज जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. त्यांच्या नेमक्या काळाविषयी विद्वानांत वाद आहे. पण रेडा, हत्ती आणि गेंडा हे तिन्ही प्राणी सिंधूकाठच्या मुद्रांवर कोरलेले आढळतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

शाळेत आपण चार नदीकाठच्या संस्कृती शिकलो. नाईल, तैग्रिस-युफ्रेटिस, सिंधू आणि चीनमधली ह्वांग हो. नकाशात रंग भरले, 'कारणे द्या' लिहिली आणि धडा संपला. सिंधू संस्कृतीचा धडा इ.स.पू. १९०० च्या सुमारास नगरांच्या ऱ्हासाशी थांबत असे. पुढे काय झाले, हा प्रश्न स्वाध्यायात नव्हता. त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग आपल्याच खोऱ्यात, काळ्या मातीखाली पुरलेला आहे.

हडप्पा आणि मोहेंजोदडोच्या लोकांनी काय साधले होते ते आधी आठवू या. विटांचे प्रमाण ठरलेले होते: लांबी, रुंदी, जाडी यांचे ४:२:१. वजने १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशी दुपटीने चढणारी. शेकडो मैल दूर असलेल्या गावांतही तीच. माझे रोजचे काम दोनाच्याच पटींत चालणाऱ्या यंत्रांशी असते, त्यामुळे ही मालिका पहिल्यांदा वाचली तेव्हा मी क्षणभर थांबलेच. शिवाय त्यांच्याकडे सुमारे चारशे चिन्हांची लिपी होती.

दायमाबादच्या टेकाडाचे उत्खनन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने केले. पहिले १९५८-५९ मध्ये, पुढचे १९७४ ते १९७९ या काळात. एकावर एक असे वसाहतींचे पाच थर निघाले. सर्वांत खाली सावळदा संस्कृती, त्यावर उत्तर हडप्पा, मग दायमाबाद, माळवा आणि सर्वांत वर जोर्वे. उत्तर हडप्पा थरात हडप्पा लिपीतील चिन्हे असलेल्या मुद्रा आणि खापरे मिळाली. म्हणजे सिंधूकाठची अक्षरे प्रवरेपर्यंत पोहोचली होती.

आणि इथेच ती संपली. वरच्या थरांमध्ये लिपी नाही. संगमनेरजवळचे जोर्वे हे गाव आपल्याला बसच्या पाटीवरून माहीत असते. तिथे १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले आणि त्या गावाचे नाव एका संपूर्ण संस्कृतीला मिळाले. इ.स.पू. १४०० ते ७०० या काळातल्या जोर्वे लोकांची भांडी खणखणीत भाजलेली, तांबड्या अंगावर काळी नक्षी काढलेली, तोटीची. त्यांच्याकडे तांब्याच्या कुऱ्हाडी होत्या, मातीची घरे होती, गुरे होती. जव, गहू, मसूर, वाटाणा ही पिके होती. नव्हते ते लेखन.

असे का व्हावे? लिपी ही त्या संस्कृतीची सर्वांत प्रगत गोष्ट होती, आणि नेमकी तीच गेली. मला वाटते, उत्तर वापरात आहे. मुद्रा लागत होत्या दूरच्या व्यापारासाठी, मालावर ठसा उमटवण्यासाठी. नगरे ओस पडली, व्यापार आटला, तशी ती विद्या जाणणारे थोडे लोकही उरले नाहीत. आज चिन्हे समोर आहेत, पण वाचणारा नाही. याउलट बैलाच्या मानेवर जू कसे ठेवायचे, चाकावर मडके कसे उठवायचे, जव कधी पेरायचा, हे ज्ञान घरोघरी होते. ते बापाने लेकाला आणि आईने लेकीला हाताने दिले. ज्याला सगळे गाव राबवते ते टिकते. मोजक्यांच्या हाती राहते ते त्यांच्याबरोबर जाते.

या लोकांचे जगणे किती जवळचे वाटते, याचा एक पुरावा नेवाशाला मिळाला. तिथे एका लहान मुलाच्या दफनात गळ्यातली तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तांब्याच्या गंजामुळे मण्यांतला रेशीम आणि कापसाचा धागासुद्धा टिकून राहिला. त्या काळी लहान मुले गेली की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात त्यांना ठेवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. मूल घराबाहेर जाऊ नये, एवढीच ती इच्छा असावी.

जोर्वेकालीन दायमाबाद सुमारे वीस हेक्टरांवर पसरलेले होते. त्या काळातले ते सर्वांत मोठे गाव. तरीही इ.स.पू. १००० च्या सुमारास ते आणि प्रवरा-गोदावरी खोऱ्यातली बहुतेक गावे ओस पडली. याचे कारण शोधायला शेजारच्या भीमा खोऱ्यात जावे लागते. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षे काम केले. तिथल्या लोकांनी पुराचे पाणी वळवण्यासाठी कालवा खोदला होता आणि धान्याचे कोठार बांधले होते. पण इ.स.पू. १००० नंतर ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसतात. गहू मागे पडला, शिकार वाढली. हवामान कोरडे होत गेले, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे. इ.स.पू. ७०० च्या सुमारास इनामगावही उठले.

नेवाशात काही शतकांच्या खंडानंतर पुन्हा वस्ती झाली. सातवाहन काळात तिथे रोमन मद्यकुंभ येत होते. त्याच नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. जिथे एकदा लिपी विझली होती, त्या प्रवरेच्या काठी मराठीने आपले सर्वांत मोठे अक्षरधन लिहून घेतले. पुढे १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, कालव्यांना पाणी आले, १९५० मध्ये लोणीला सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम झाला. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या शाळेच्या फीमागे हेच पाटाचे पाणी होते.

म्हणून दायमाबादचा वरचा थर मला पुराणवस्तूंपुरता वाटत नाही. त्या लोकांकडेही बैल होते, काळी जमीन होती, कसबी हात होते. पाणी कमी पडले तेव्हा त्यातले काहीच पुरले नाही. आपल्याकडे आज धरण आहे, विहिरी आणि बोअर आहेत. पण बोअर दरवर्षी खोल जाते आहे आणि ऊस तेवढाच आहे. हे पाणी कसे वापरायचे, हे चार जाणकारांना कळून भागणार नाही. नांगर आणि चाकासारखे ते सगळ्या गावाच्या अंगवळणी पडले, तरच पुढच्या पिढीला मिळेल.

मेळाव्याला आलेल्यांपैकी अनेकजण आपली मुले घेऊन आले आहेत. परतीच्या वाटेवर त्यांना दायमाबादचे टेकाड दाखवा. तिथे पाहण्यासारखे फारसे काही नाही, ते स्वतः ओसाडच आहे. पण त्या टेकाडाखाली वसाहतींचे पाच थर आहेत आणि शेवटी गाव ओस पडले, एवढे सांगितले तरी मुले पुढचा प्रश्न आपणहून विचारतील.