अठराव्या मजल्यावरचा चहा

मंडळी, आज जरा सिव्हिलवाल्यांच्या प्रांतात घुसखोरी.

१६ मे १९६८. पूर्व लंडनमधल्या कॅनिंग टाउन भागात 'रोनन पॉइंट' नावाचा २२ मजली टॉवर. पहाटे पावणेसहाच्या सुमारास १८व्या मजल्यावर एका बाईंनी चहासाठी काडी ओढली. शेगडीच्या जोडणीतला पितळी नट निकृष्ट होता, त्यामुळे घरात गॅस साचलेला. स्फोट झाला आणि कोपऱ्यातल्या भिंती बाहेर फेकल्या गेल्या.

स्फोट तसा फार मोठा नव्हता. त्या बाई स्वतः वाचल्या! पण इमारतीचा तो अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. ४ जण गेले, १७ जखमी झाले. पडल्या त्या बहुतेक बैठकीच्या खोल्या आणि लोक होते बेडरूममध्ये झोपलेले, म्हणून आकडा एवढ्यावर थांबला. लोक तिथे राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

असं का झालं? टॉवरला खांब-तुळयांचा सांगाडाच नव्हता. कारखान्यात ओतलेल्या भिंती आणि स्लॅब एकावर एक रचलेले, आणि सांधे कच्चे. १८व्या मजल्यावरची भिंत गेल्यावर वरच्या मजल्यांचा आधारच गेला. ते खाली आले आणि त्यांच्या धक्क्याने खालचेही गेले. आपल्या भाषेत 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर'.

ह्यू ग्रिफिथ्स यांच्या चौकशी समितीला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट सापडली ती वेगळीच. इमारत तेव्हाच्या नियमांत बसत होती! एक भाग गेला तर बाकीच्याचं काय, हा प्रश्न नियमांनी कधी विचारलाच नव्हता.

१९७०च्या दुरुस्तीने तो विचारला. पाच किंवा जास्त मजल्यांची इमारत असेल, तर कुठलाही एक आधार काढून टाकला आहे असं धरून गणित करा. पडझड तो मजला आणि त्याच्या लगतचे वरचा-खालचा एवढ्यातच राहिली पाहिजे, तीही मजल्याच्या १५ टक्के किंवा ७० चौरस मीटर, यातलं जे कमी असेल तेवढीच. हे जमत नसेल तर तो आधार ३४ किलोपास्कल दाब सोसेल इतका भक्कम करा. म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे साडेतीन टन! शिवाय भिंती आणि स्लॅब सळयांनी एकमेकांना बांधण्याची पद्धत रुळली. एक आधार गेला तर शेजारच्यांनी भार उचलायचा. इंग्लंडमध्ये २००४ साली पाच मजल्यांखालच्या इमारतीही या चौकटीत आल्या.

आणि रोनन पॉइंट? पडलेला कोपरा पुन्हा बांधला, लोक परत राहायलाही आले. १९८६ मध्ये मात्र तो पाडण्यात आला. सुरुंग न लावता, एकेक मजला उतरवत. तेव्हा काही सांध्यांमध्ये मसाल्याऐवजी चक्क वर्तमानपत्रं कोंबलेली निघाली.

तेव्हा नियम कितीही हुशार असू दे, सांधा भरताना कुणीतरी तिथे उभं राहून बघावंच लागतं. स्पेक उत्तम आहे म्हणून रिव्ह्यू टाळणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं.