परमुलखातल्या भावंडांसाठी

उत्तर कोरियात, इराणमध्ये किंवा नायजेरियात छळ सोसणाऱ्या विश्वासणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असे पाळकांनी सांगितले, तर आज नगरच्या मंडळीला त्यात काही नवल वाटत नाही. गुडघे टेकले जातात, डोळे मिटतात. पण या रिवाजाची वंशावळ काढायला बसले की नगर पहिल्यांदा भेटते ते वेगळ्याच रांगेत. ज्यांच्यासाठी इतरांनी प्रार्थना करायची, त्यांच्या!

मूळपुरुष शोधायचा तर प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायापर्यंत जावे लागते. हेरोदाने याकोबाचा शिरच्छेद केला, पेत्राला तुरुंगात टाकले आणि चार-चार शिपायांच्या चार टोळ्या पहाऱ्यावर बसवल्या. इकडे योहान मार्काच्या आईच्या घरी मंडळी जमून प्रार्थना करत होती. पेत्र सुटून दार ठोठावू लागला, तेव्हा रुदा नावाच्या मुलीने आवाज ओळखला आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावली. आतले म्हणाले, तुला वेड लागलेय. ज्याच्या सुटकेसाठी प्रार्थना चालली होती, तोच दाराबाहेर ताटकळत उभा!

पण ही आपल्या माणसासाठी, आपल्याच शहरात केलेली प्रार्थना. कधी न पाहिलेल्या देशातल्या अनोळखी माणसांसाठी ठरावीक दिवशी एकत्र जमायचे, हे वळण बरेच पुढचे. १७८४ साली इंग्लंडच्या नॉर्दम्प्टनशायर भागातल्या बाप्तिस्त मंडळ्यांनी जॉन सटक्लिफ यांच्या सूचनेवरून महिन्याचा पहिला सोमवार त्यासाठी राखला. मराठीचे व्याकरण लिहिणारे विल्यम केरी याच मंडळ्यांतले. पुढे हा सोमवार अमेरिकेने उचलला आणि १८१०मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने तो आपला मानला. छळ हा तेव्हाच्या प्रार्थनेचा मुख्य विषय नव्हता. सुवार्ता पसरावी, हे मागणे मोठे होते. छळाची बाब त्यात नंतर शिरली, ती पत्रांतून.

याच बोर्डाचे ग्रेव्हज, हर्वी आणि रीड डिसेंबर १८३१मध्ये नगरला आले. सोबत बाबाजी रघुनाथ हे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण होते. हर्वी पुढच्याच वर्षी पटकीने गेले. उरलेल्यांची पत्रे मुंबईहून जहाजाने केपला वळसा घालून बॉस्टनला जात, बोर्डाच्या मासिकात छापली जात आणि पहिल्या सोमवारी मंडळीपुढे वाचली जात. १८३९मध्ये हरिपंत आणि त्यांचे बंधू नारायण यांचा बाप्तिस्मा झाला. अशा माणसाच्या वाट्याला काय येई, ते मराठी वाचकाला ठाऊक आहे. जात जाई, सोयरिक तुटे, घरचे दार बंद होई. वडिलार्जित मिळकतीवरचा हक्कही धोक्यात येई. धर्मांतरामुळे वारसा बुडू नये, असा कायदा कंपनी सरकारने केला तो १८५० साली. खेड्यातल्या महार-मांगांचे हाल निराळे: गावकीशी बिनसले की पोटच अडे.

पत्र पोचायला चार-पाच महिने लागत. बॉस्टनची मंडळी ज्या संकटासाठी हात जोडी, ते नगरात एव्हाना निवळलेले तरी असे, नाहीतर हाताबाहेर गेलेले. तरीही पत्रे जात राहिली आणि सोमवार भरत राहिला.

दिशा पालटली ती हिंदुस्थानातूनच. १८५७च्या उठावात फतेहगढचे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी सहकुटुंब मारले गेले. कित्येक देशी ख्रिस्ती माणसांचाही बळी गेला. त्याच मिशनच्या लुधियाना शाखेने १८५८च्या अखेरीस ठराव करून साऱ्या जगातल्या मंडळ्यांना आवाहन केले की जानेवारी १८६०मध्ये एक आठवडा मिळून प्रार्थना करावी. लंडनच्या इव्हँजेलिकल अलायन्सने ते उचलले, आणि नव्या वर्षाच्या आरंभीचा प्रार्थना सप्ताह रुळला. ज्या देशासाठी मागणे मागितले जाई, तोच आता जगाला मागणे मागायला बोलावत होता. पुढे १८९४-९६मध्ये तुर्कस्तानात आर्मेनियन ख्रिस्ती कापले गेले, १९००मध्ये चीनमध्ये बॉक्सर बंडात मिशनरी आणि हजारो चिनी विश्वासणारे मेले. दोन्हीकडे अमेरिकन बोर्डाचीच ठाणी होती. नगरच्या मंडळीला ही लांबची बातमी नव्हती, घराण्यातली होती.

कॅथलिक घराण्याची शाखा वेगळ्या वाटेने आली. राहुरी तालुक्यातल्या केंदळ-वळणच्या बाजूला काम उभारणाऱ्या जर्मन जेझुइटांच्या संघाला बिस्मार्कने १८७२मध्ये मायदेशातूनच हद्दपार केले होते. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन मिशनऱ्यांना शत्रूचे प्रजाजन म्हणून धरले. नगरची छावणी त्यांच्या कैदेचे एक ठिकाण होती. १९३०मध्ये पोप अकरावे पायस यांनी मिस्सेनंतर गुडघे टेकून म्हणायच्या प्रार्थना रशियासाठी वाहायला सांगितल्या. हा नेम जगभरच्या साध्या मिस्सेला लागू होता, तेव्हा गोदाकाठच्या चर्चमध्येही स्टॅलिनच्या मुलखासाठी मागणे होतच असणार. १९६५मध्ये तो नेम उठला.

आजचे रूप शीतयुद्धात घडले. रुमानियाचे पाळक रिचर्ड वुर्मब्रँड चौदा वर्षे तुरुंगात काढून बाहेर आले आणि १९६६मध्ये अमेरिकी सेनेटच्या समितीपुढे त्यांनी अंगावरचे व्रण उघडे करून दाखवले. त्यानंतर छळ हाच प्रार्थनेचा स्वतंत्र विषय झाला. छळ सोसणाऱ्या मंडळीसाठीचा आंतरराष्ट्रीय प्रार्थना दिन १९९६मध्ये सुरू झाला. तो आता नोव्हेंबरच्या आरंभीच्या रविवारी पाळतात. त्याआधीच, १९९३पासून, ओपन डोअर्स ही संस्था छळ होणाऱ्या देशांची क्रमवारी काढू लागली होती. या क्रमवारीची एक अडचण अशी की 'शत्रू देश' असा शब्द पटकन तोंडी बसतो, आणि छळ करणाऱ्यासाठीही प्रार्थना करा, ही डोंगरावरच्या प्रवचनातली अवघड अट मागे पडते. दुसरे असे की गेल्या काही वर्षांत त्याच यादीत भारतही बराच वर आहे. तिच्या मोजपट्टीवर वाद आहेतच. पण दूर कुठेतरी कुणी ती यादी वाचून प्रार्थना करत असेल, तर नगरचा विश्वासणारा पुन्हा १८३९च्या रांगेत जाऊन बसलाच.

फरक पडला तो निरोपात. पूर्वी निरोप पोचायला महिने लागत, पण बाप्तिस्मा घेणाऱ्याचे नाव-गाव छापून येई. आता प्रार्थना विनंती व्हॉट्सअॅपवर क्षणात पोचते आणि तिच्यात माणसाचे नाव बदललेले, गाव गाळलेले असते, कारण ते उघड झाले तर त्याच्यावरच बेतेल. म्हणून पाळक 'एक भाऊ', 'एक बहीण' एवढेच म्हणतात आणि मंडळी तेवढ्यावर आमेन म्हणते.