नोंदणीबाहेरचा घोडा : ओगुरी कॅप

जपानमधील घोड्यांच्या शर्यतींचे जग दुपदरी आहे. 1954 साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संस्थेच्या अखत्यारीत टोकियो, क्योतो, नाकायामा यांसारखी हिरवळीची भव्य मैदाने येतात. आणि प्रांतोप्रांतीच्या स्थानिक संस्था आपापली लहान, वाळूची मैदाने चालवितात. बक्षिसाची रक्कम, घोड्यांची पैदास, प्रतिष्ठा या सर्वच बाबतींत दोहोंमधील अंतर मोठे आहे. गिफू प्रांतात किसो नदीच्या काठी असलेले कासामात्सू हे या दुसऱ्या पदरातले मैदान. ओगुरी कॅपची कारकीर्द तेथून सुरू झाली.

त्याचा जन्म 27 मार्च 1985 रोजी होक्काइदो बेटावर झाला. रंग करडा, पुढचा एक पाय जन्मतःच बाहेर वळलेला. बाप डान्सिंग कॅप हा विख्यात नेटिव्ह डान्सरचा मुलगा खरा, पण त्याची संतती वाळूवरच्या सामान्य शर्यतींपुरतीच, असा जाणकारांचा ग्रह होता. कासामात्सूला ओगुरी कॅप बारा वेळा धावला आणि दहा वेळा जिंकला. उरलेल्या दोन्ही वेळा त्याला हरविणारा घोडा एकच होता, मार्च तोशो.

1988 च्या आरंभी त्याची विक्री होऊन तो मध्यवर्ती मैदानांवर आला आणि लागोपाठ सहा मोठ्या शर्यती त्याने जिंकल्या. त्यांपैकी एकीत त्याच्या मागे चौथा आलेला याएनो मुतेकी पुढे तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असलेली सात्सुकी शो ही पहिली अभिजात शर्यत जिंकला. त्या शर्यतीत ओगुरी कॅप नव्हता, पुढे डर्बीतही नव्हता. कारण अगदी साधे होते. अभिजात शर्यतींसाठी घोड्याचे नाव आधीच्या वर्षीच नोंदवावे लागे. आणि कासामात्सूच्या घोड्याचे नाव तेथे नोंदविण्याचे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते.

रंगमंडपात कुळ विचारले गेलेला कर्ण येथे मराठी वाचकास आठवेल. परंतु साम्य अर्धेच आहे. ओगुरी कॅपला कोणी हीन लेखून अडविले नाही; त्याला अडविले ते मुदत टळलेल्या एका कागदाने. अवहेलना करणाऱ्याशी भांडता तरी येते. नियमावलीशी भांडायचे कसे? लोक मात्र भांडले. वृत्तपत्रांतून ओरड झाली, आणि 1992 पासून जादा शुल्क भरून उशिरा नोंदणी करण्याची सोय झाली. त्या वाटेने आलेला टी. एम. ओपेरा ओ 1999 मध्ये सात्सुकी शो जिंकला, तर कितासान ब्लॅक 2015 मध्ये किक्का शो. ज्याच्यामुळे हे दार उघडले त्याचे वय तोवर केव्हाच उलटून गेले होते.

1988 च्या शरद ऋतूत तामामो क्रॉस या दुसऱ्या करड्या घोड्याने त्याला दोनदा मागे टाकले. वर्षअखेरच्या आरिमा किनेनमध्ये ओगुरी कॅपने त्याची परतफेड केली. पुढचे वर्ष मात्र पाहवत नाही. करप्रकरणामुळे मालकाचा परवाना गेला, घोडा मोठ्या रकमेच्या मोबदल्यात दुसऱ्याच्या हाती गेला, आणि ती रक्कम वसूल करण्यासाठी त्याला राबविले जात आहे, अशी टीका झाली. मला ती रास्त वाटते. सप्टेंबर ते डिसेंबर या काळात सहा शर्यती! 19 नोव्हेंबर 1989 ला त्याने 1600 मीटरची माइल चॅम्पियनशिप जिंकली. तेव्हा स्वार मिनाई काट्सुमी यांना अश्रू आवरले नाहीत. बरोबर सातव्या दिवशी 2400 मीटरची जपान कप. न्यूझीलंडची घोडी हॉर्लिक्स (आपल्या घरोघरच्या बरणीवरचे नाव) मानेभर अंतराने पुढे राहिली. दोघांची वेळ एकच, 2 मिनिटे 22.2 सेकंद; तो तत्कालीन जागतिक विक्रम होता. ही हार त्याच्या बहुतेक विजयांहून मोठी मानावी लागते.

महिन्याभरात आरिमा किनेनमध्ये तो पाचवा आला. 1990 मध्ये वसंतात यासुदा किनेन जिंकला खरा, पण शरदात सहावा आणि मग अकरावा. आता त्याला थांबवावे, असे त्याच्यावर जीव लावणारेच म्हणू लागले. 23 डिसेंबर 1990 रोजी नाकायामाला त्याची अखेरची शर्यत झाली, तेव्हा 1,77,779 प्रेक्षक जमले होते. त्या मैदानावरचा हा उच्चांक. स्वार होते एकवीस वर्षांचे ताके युताका. शर्यत संथ चालली, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात ओगुरी कॅप पुढे निघाला तो पुढेच राहिला. मग सबंध मैदान त्याच्या नावाचा घोष करू लागले. घोड्यांच्या शर्यती म्हणजे जुगाऱ्यांचा धंदा, ही जपानी घरांतली समजूत त्याच सुमारास सैल झाली. त्याच्या कापडी प्रतिकृती लाखोंनी खपल्या आणि तरुण मुली मैदानावर येऊ लागल्या.

एकूण बत्तीस शर्यती, बावीस विजय. निवृत्तीनंतर पैदाशीत त्याला यश आले नाही. 3 जुलै 2010 रोजी पायाचे हाड मोडून त्याचा अंत झाला. अभिजात शर्यत त्याच्या घरात आली ती सावत्र बहिणीकडून. कासामात्सूहूनच आलेली ओगुरी रोमन 1994 मध्ये ओका शो जिंकली, आणि तिच्या पाठीवरही ताके युताकाच होते.